उत्तरायणात अहमदाबादचे जुने शहर: एक दिवस निवांत कसा घालवावा

१४ जानेवारीला, उत्तरायणाच्या म्हणजे पतंगांच्या सणाला, अहमदाबादचे कोटाआतले शहर गच्चीवर राहायला जाते. आजी-आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत सगळे घर सकाळीच वर चढते, नाश्ता, जेवण आणि पाहुण्यांची ऊठबस वरच होते, आणि एरवी हातगाड्या, दुचाक्या व माणसांनी तुंबलेल्या खालच्या गल्ल्या बऱ्याच अंशी मोकळ्या राहतात. हे शहर पायी पाहायला वर्षातला इतका सोयीचा दुसरा दिवस नाही, असे माझे ठाम मत आहे. मात्र त्यासाठी दिवसाची आखणी या एकाच गोष्टीभोवती करावी लागते: बाजार आणि खाऊगल्ली आदल्या रात्री उरकावी, सणाच्या सकाळी लवकर गल्ल्यांतून फिरावे, उन्हे वर आली की एका गच्चीवर जाऊन बसावे आणि अंधार पडेपर्यंत तिथून हलू नये. प्रेक्षणीय स्थळांची यादी हातात घेऊन धावणारा प्रवासी या दिवशी दमतो आणि सणालाही मुकतो.

ज्या शहरात हे सगळे घडते त्याची थोडी ओळख आधी करून घ्यावी, म्हणजे फिरताना काय पाहायचे ते कळते. सुलतान अहमदशहाने १४११ मध्ये साबरमतीच्या पूर्व काठावर हे शहर वसवले आणि त्याच्या नातवाने, महमूद बेगड्याने, १४८७ च्या सुमारास त्याभोवती तट बांधला, असे इतिहासात सांगितले जाते. विसाव्या शतकात या तटाचा बहुतेक भाग पाडला गेला. आज उरले आहेत ते मुख्यतः दरवाजे. रायपूर, आस्टोडिया, जमालपूर, दिल्ली दरवाजा, दरियापूर, शाहपूर ही नावे आता रहदारीच्या चौकांची म्हणूनच लोकांच्या तोंडी असतात. पांचकुवा आणि प्रेमाभाई हे दोन दरवाजे तर ब्रिटिश काळात वाढवलेले आहेत. तेव्हा सलग तटावरून फेरी मारण्याची अपेक्षा ठेवून कोणी येऊ नये. २०१७ मध्ये युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारसा शहराचा दर्जा दिला. हा मान मिळवणारे ते भारतातले पहिले शहर. त्या दर्जामागे मशिदी आणि मंदिरे आहेत, तशाच ‘पोळ’ नावाच्या गल्ल्याही आहेत.

पोळ म्हणजे एकाच दरवाजातून आत जाणारी, बहुधा एका जातीची किंवा एका व्यवसायाची माणसे शेजारी-शेजारी राहत आलेली गल्ली. दरवाजावर पहारेकऱ्याची खोली, आत वळणावळणांची वाट, मधे एखादे मंदिर किंवा देरासर, म्हणजे जैन मंदिर, पोळीतल्या बातम्या खडूने लिहायचा काळा फळा, आणि खांबावर उभारलेला चबुतरा, म्हणजे पक्ष्यांना दाणे घालायची नक्षीदार छत्री. घरे लाकडी, अरुंद दर्शनी भागाची आणि मागे खोलवर गेलेली असतात. मधल्या चौकाखाली पावसाचे पाणी साठवण्याचे टाके असते. भिंतीला भिंत लागलेली असल्यामुळे गच्च्याही एकमेकींना लागून असतात, आणि उत्तरायण इथे इतके रंगते त्याचे खरे कारण हेच आहे. पतंग उडवायला मैदान लागते, असे आपण समजतो; इथे शेजारच्या गच्चीवरचा माणूस हाताच्या अंतरावर आणि समोरच्या गल्लीतला प्रतिस्पर्धी आवाजाच्या टप्प्यात असतो.

तयारी

तारखेचा घोळ आधी मिटवावा. पंचांगाप्रमाणे मकरसंक्रांत काही वर्षी १५ जानेवारीला येते आणि महाराष्ट्रात ती त्या दिवशी साजरी होते, पण अहमदाबादेत पतंगांचे उत्तरायण १४ तारखेलाच असते आणि दुसऱ्या दिवशी, १५ ला, ‘वासी उत्तरायण’ असते. त्यामुळे १३ तारखेच्या दुपारपर्यंत शहरात पोहोचणे आणि १५ च्या रात्री किंवा १६ ला परतणे, ही सर्वांत सुखाची रचना होय. मुंबई आणि पुण्याहून थेट रेल्वेगाड्या आहेत, आणि अहमदाबादचे मुख्य स्थानक काळुपुरात, म्हणजे जुन्या शहराच्या पूर्वेच्या कडेलाच आहे. परदेशी राहणारे गुजराती या दिवसांत आवर्जून घरी येतात, म्हणून आरक्षण जितके आधी करता येईल तितके करावे.

राहण्याची जागा शक्यतो कोटाच्या आतच घ्यावी. काही जुन्या हवेल्यांमध्ये आता पाहुण्यांसाठी खोल्या आहेत आणि काही कुटुंबे घरातच पाहुणे ठेवतात. नदीपलीकडच्या नव्या भागात हॉटेले अधिक आणि ऐसपैस आहेत, परंतु सणाच्या दिवशी पूल ओलांडून ये-जा करण्यात निवांतपणा संपतो. तरीही पलीकडेच राहावे लागले, तर मेट्रोचा आधार घ्यावा. पूर्व-पश्चिम मार्गावरची शाहपूर, घीकांटा आणि काळुपूर ही भुयारी स्थानके जुन्या शहराला अगदी लागून किंवा त्याच्या पोटातच आहेत.

सर्वांत महत्त्वाची तयारी मात्र गच्चीची. ओळखीचे कोणी असेल तर प्रश्नच नाही. उत्तरायणाला पाहुणा आला याचा अहमदाबादकरांना मनापासून आनंद होतो, आणि ‘आवजो’ हे आमंत्रण नुसते तोंडदेखले नसते. ओळख नसेल तर पोळींतली अनेक घरे या दोन दिवसांसाठी माणशी दर ठरवून गच्ची वापरायला देतात, त्यात बहुधा नाश्ता, जेवण, पतंग आणि फिरकीही येते. असे ठरवताना तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: गच्चीला पुरेसा उंच कठडा आहे का, वर एकूण किती माणसे असणार, आणि घरातले स्वच्छतागृह वापरता येईल का. पोळीतले जिने अरुंद आणि उभे असतात, काही ठिकाणी तर दोर धरून चढावे लागते, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांसाठी पहिल्या मजल्यावरची किंवा रुंद जिन्याची गच्ची आवर्जून मागावी. जिथे निव्वळ पर्यटकांची गर्दी भरली आहे अशा गच्चीपेक्षा, घरची माणसे स्वतः पतंग उडवत आहेत अशी लहान गच्ची केव्हाही चांगली.

सामानात टोपी, गॉगल, उन्हापासून संरक्षण देणारे मलम आणि बोटांना गुंडाळायची चिकटपट्टी असावी. जानेवारीतली अहमदाबादची सकाळ चांगलीच गार असते आणि दुपारी ऊन टोचते, म्हणून एकावर एक चढवता-उतरवता येतील असे कपडे बरे. पायात पकड असलेले बूट हवेत. चपलांवर गच्चीवर मागे-मागे सरकणे धोक्याचे आहे.

आदली संध्याकाळ

१३ तारखेच्या संध्याकाळी जुन्या शहरात गर्दी असते, आणि ती अनुभवावीच, कारण सणाची अर्धी गंमत तिथे आहे. रायपूर दरवाजा, दिल्ली दरवाजा आणि जमालपूर या भागांत पतंगबाजार रात्री उशिरापर्यंत चालतो. पतंग इथे नगावर क्वचितच विकतात. पाचाचा पंजा आणि विसाची कोडी हाच हिशेब. विकत घेताना पतंग उजेडाकडे धरून कागदाला भोक नाही ना ते पाहावे, मधली उभी काडी सरळ आहे ना आणि कमानीची काडी दोन्ही बाजूंना सारखी वाकते ना, ते हलकेच दाबून तपासावे. एका बाजूला जड असलेला पतंग हवेत गेला की त्याच बाजूला गोल फिरत राहतो आणि नवशिक्याला वाटते, आपल्यालाच जमत नाही.

रस्त्याच्या कडेला दोन खांबांमध्ये गुलाबी, पांढऱ्या, हिरव्या दोऱ्याचे पट्टेच्या पट्टे ताणलेले दिसतील. तिथे दोरी रंगवण्याचे, म्हणजे मांजा करण्याचे काम चालते. चिकट खळ, रंग आणि कुटलेली काच यांचा लगदा तळहातात धरून कारागीर या खांबापासून त्या खांबापर्यंत दोऱ्यावरून हात फिरवत चालत जातो, परत येतो, पुन्हा जातो. बोटांना चिंध्या किंवा पट्ट्या बांधलेल्या असतात आणि तरीही दिवसअखेर त्या बोटांवर बारीक चिरा दिसतात. थोडा वेळ थांबून हे काम नीट पाहावे. दोऱ्याचे मोजमाप वारात होते आणि त्याची जाडी किती पदरी, म्हणजे सहा तार, नऊ तार, अशी सांगतात. केवळ एक दिवस हौसेने उडवणाऱ्याला हजार वार पुरेसे आहेत. लहान मुलांसाठी आणि पहिल्यांदा उडवणाऱ्यांसाठी काच न लावलेला साधा सुती दोराच घ्यावा, असा माझा आग्रह राहील. पतंग त्यानेही तितकाच वर जातो. नायलॉनचा, ‘चिनी’ म्हणून ओळखला जाणारा मांजा कायद्याने बंद आहे. कोणी तो पुढे केलाच, तर हातही लावू नये.

त्यानंतर माणेकचोक. दिवसा इथे सोन्याचांदीचा बाजार असतो आणि रात्री पेढ्या बंद झाल्या की त्याच चौकात खाण्याच्या गाड्या लागतात: लोण्यात माखलेली पावभाजी, चॉकलेट आणि चीज भरलेले घूघरा सँडविच, नाना तऱ्हेचे डोसे, कुल्फी. चौकाला नाव मिळाले ते माणेकनाथ या साधूवरून. दंतकथा अशी की, अहमदशहाचे बांधकाम चालू असताना हा साधू दिवसभर गोधडी विणत बसे आणि रात्री ती उसवून टाकी, आणि गोधडी उसवली की दिवसा उभारलेली भिंतही कोसळे. अखेर सुलतानाने त्याचा मान राखला. या चौकात त्याची समाधी आहे आणि नदीकाठी एलिस पुलाजवळच्या बुरुजालाही माणेकबुरुज म्हणतात. रात्री फार जड खाऊ नये. दुसऱ्या दिवशी उंधियू वाट पाहत असतो.

सणाची सकाळ

या दिवसांत अहमदाबादेत सूर्य साधारण सव्वासात ते साडेसातच्या दरम्यान उगवतो. साडेसातला बाहेर पडावे. काळुपुराच्या स्वामिनारायण मंदिरापासून सुरुवात करणे सोयीचे. १८२२ मध्ये पूर्ण झालेले हे त्या संप्रदायाचे पहिले मंदिर, आणि त्याच्या आवारातले रंगवलेले लाकडी खांब व कंस शांतपणे पाहण्यासारखे आहेत. महापालिकेची वारसा पदयात्रा १९९७ पासून याच मंदिराच्या आवारातून निघते आणि जामा मशिदीपाशी संपते. सणाच्या दिवशी ती आहे की नाही याची आधी चौकशी करावी, आणि नसली तरी तीच वाट आपल्या पायांनी चालावी. अंतर थोडे आहे, पण दोन-अडीच तास हाताशी ठेवावेत.

मंदिरासमोरच्या लांबेश्वरनी पोळीत कवी दलपतराम यांचे घर होते. ते पडून गेले; तिथे दर्शनी भाग पुन्हा उभारून चौकात कवींचा बसलेला पुतळा ठेवला आहे, आणि जाता-येता मुले त्यांच्या शेजारी बसतात. पुढे रिलीफ रोड ओलांडून हाजापटेलनी पोळीत काळा रामजी मंदिर लागते. नाशिकचा काळाराम उभा आहे. इथला काळ्या पाषाणाचा राम बसलेला आहे. देऊळ बाहेरून एखाद्या वाड्यासारखेच दिसते, त्यामुळे चटकन सापडत नाही, पण कोणालाही विचारले तरी सांगतात. याच भागात दोन पोळींना जोडणाऱ्या चोरवाटाही आहेत; घराचे साधे दार वाटावे अशा दारातून आत शिरले की आपण दुसऱ्याच गल्लीत निघतो. वाट चुकण्याची चिंता करू नये. पोळी फार लांब नसतात, आणि वाट बंद असली की वरून कोणीतरी ‘आगळ रस्तो नथी’ असे हमखास ओरडून सांगते.

झवेरीवाड आणि दोशीवाडानी पोळ हा भाग जैन देरासरांचा. आत जाताना चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवाव्यात, छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नये आणि पूजेच्या वेळी मागे उभे राहावे. लाकडावरचे कोरीवकाम पाहायचे तर जवळच्या हरकुंवर शेठाणीच्या हवेलीची दर्शनी बाजू पाहावी, विशेषतः सज्जाला खालून आधार देणाऱ्या लाकडी घोड्या. या शेठाणींचे नाव दिल्ली दरवाजाबाहेरच्या हठीसिंग जैन मंदिराशी जोडलेले आहे. पती हठीसिंग यांच्या निधनानंतर १८४८ मध्ये ते मंदिर त्यांनी पूर्णत्वाला नेले. ते कोटाबाहेर असल्यामुळे दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे.

साडेनऊच्या सुमारास जामा मशीद गाठावी. १४२४ मध्ये पूर्ण झालेल्या या मशिदीच्या आत सुमारे २६० खांबांचे वन आहे, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात त्या खांबांच्या सावल्या फरशीवर दूरवर पसरतात. दर्शनी कमानीच्या दोन्ही बाजूंना मिनारांचे बुंधे तेवढे दिसतील. वरच्या भागाची १८१९ च्या मोठ्या भूकंपात पडझड झाली. अंगणात या वेळी एक-दोन कटलेले पतंग पडलेले असतात आणि आकाशात दहापट उडत असतात. मशिदीच्या पूर्वेला अहमदशहाची कबर, बादशाहनो हजीरो, आणि त्याच्या पलीकडे राण्यांची कबरस्थळे, राणीनो हजीरो. राण्यांच्या हजीऱ्याभोवती एरवी ओढण्या, मेंदी आणि घागऱ्यांचा बाजार भरतो. सणाला बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे भिंतींवरची जाळी आणि चौथऱ्याचे कोरीवकाम उघडे पडते.

तिथून गांधी रोडने पश्चिमेला काही मिनिटे चालले की तीन दरवाजा येतो, आणि मराठी वाचकाने इथे मुद्दाम थांबावे. भद्रच्या किल्ल्यासमोरच्या मैदानाचे हे प्रवेशद्वार शहराच्या आरंभकाळातले आहे. त्याच्या एका कोनाड्यात लक्ष्मीसाठी अखंड दिवा तेवत ठेवला जातो आणि त्याची काळजी परंपरेने एक मुस्लिम कुटुंब घेते. पण मी म्हणतो ती गोष्ट खांबावर आहे. देवनागरीत कोरलेला तो शिलालेख १८१२ चा आहे. १७५८ ते १८१७ या काळात हे शहर मराठ्यांकडे होते, पेशवे आणि गायकवाड यांच्यात त्याचा कारभार वाटलेला होता, आणि त्या काळचे सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांनी या लेखातून असा हुकूम जाहीर केला की मुलीला वडिलांच्या मालमत्तेतला तिचा वाटा बिनहरकत द्यावा. जो हे मोडील तो हिंदू असेल तर महादेवाला आणि मुसलमान असेल तर अल्लाला जाब देईल. शहरात सर्वांत जास्त वर्दळ जिथे असे, तिथेच तो लावला आहे. गुजरातेतल्या मराठी राजवटीची आठवण पुष्कळदा फक्त चौथाईची आणि स्वाऱ्यांची निघते. ती आठवण खोटी नाही, पण हा दगडही तितकाच खरा आहे, आणि तो अनेकांच्या नजरेतून सुटतो. एरवी फेरीवाल्यांच्या गर्दीत त्याच्यापर्यंत पोहोचणे कठीण असते. सणाच्या सकाळी जवळ उभे राहून एकेक अक्षर लावत वाचायचा प्रयत्न करता येतो.

समोर भद्रचा किल्ला आणि त्यातले भद्रकालीचे मंदिर आहे. गुजरातच्या मुघल सुभेदाराच्या, आझमखानाच्या वाड्यातल्या दालनात मराठी अमदानीत ही देवी बसली. ओटी भरायची असेल तर इथे भरावी. नगरदेवता म्हणून शहर तिला मानते. जवळच, लाल दरवाजाकडे, सीदी सैयदची १५७२-७३ ची मशीद आहे. झाडाच्या फांद्या एकमेकींत गुंतलेली तिथली दगडी जाळी प्रसिद्ध आहे, पण ती पश्चिमेच्या भिंतीत असल्यामुळे बाहेरच्या बाजूवर ऊन दुपारनंतर येते. सकाळी घाईत पाहण्यापेक्षा १५ च्या दुपारी यावे. आता साडेदहा वाजून गेलेले असतात, पोळीकडे परतावे.

गच्चीवर

यजमानांकडे रिकाम्या हाताने जाऊ नये. महाराष्ट्रातून आणलेला तिळगूळ किंवा गुळपोळी त्यांना फार आवडते, आणि त्यांच्याकडची तीळ-शेंगदाण्याची चिक्की आपल्या हातावर येतेच. वयाने मोठ्यांना काका, मासी आणि बरोबरीच्यांना भाई, बेन म्हणावे. काही घरांत तिळाच्या लाडवात नाणे लपवून देण्याची रीत आहे, तेव्हा लाडू जपून चावावा.

आल्या-आल्या फिरकी मागू नये. आधी फिरकी धरण्याचे काम स्वीकारावे. उडवणाऱ्याच्या मागे, एका बाजूला उभे राहून दोरी सैल सुटू देणे आणि पतंग कटला की उरलेला दोरा झरझर गुंडाळणे, हे काम दिसते त्यापेक्षा महत्त्वाचे आहे, आणि ते करताना वारा कुठून वाहतो, यजमान कधी ढील देतात आणि कधी खेचतात, हे आपोआप कळू लागते. तासाभरात कोणीतरी स्वतःहून दोरी हातात देईल.

कन्नी, म्हणजे पतंगाला दोरी जोडण्यासाठीचा दुपदरी दोरा, बांधायला मात्र शिकून घ्यावी. उभी आणि आडवी काडी जिथे एकमेकींना छेदतात, तिथे तिरप्या दिशेने दोन बारीक भोके पाडावीत, आणि तशीच दोन भोके उभ्या काडीच्या खालच्या भागात, शेपटीच्या थोडे वर. दोऱ्याचे एक टोक वरच्या भोकांतून आणि दुसरे खालच्या भोकांतून काडीभोवती पक्के बांधावे. मग दोन्ही पदर एकत्र धरून पाहावे. वारा बेताचा असेल तर ते सारख्या लांबीचे ठेवावेत, वारा जोराचा असेल तर खालचा पदर किंचित लांब ठेवावा, म्हणजे पतंग वाऱ्यापुढे थोडा झुकतो आणि हाताला ओढ कमी बसते. गाठ मारल्यावर पतंग कन्नीला धरून लोंबकळू द्यावा. तो एका कुशीला कलला, तर हलक्या बाजूला कागदाची छोटी पट्टी चिकटवावी. एवढे जमले की निम्मे काम झाले.

पेच लागला आणि समोरचा कटला की सगळी गच्ची ‘काप्यो छे!’ म्हणून ओरडते, थाळ्या आणि पिपाण्या वाजतात. आपला कटला तर समोरून ‘ए लपेट!’ ऐकू येते. रागावायचे काही कारण नाही. पाच मिनिटांत नवा पतंग वर जातो. दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान वारा पुष्कळदा पडतो. नेमकी ती जेवणाची वेळ. सुरण, रताळी, कोनफळ, वाल-पापडी, छोटी वांगी आणि मेथीचे मुठिये घालून केलेला उंधियू, पुऱ्या आणि गरम जलेबी. काही घरांत सात धान्यांचा खिचडाही असतो. मधून बोरे, पेरू आणि उसाचे करवे. जेवण झाल्यावर गच्चीच्या सावलीच्या कोपऱ्यात तासभर पडून राहायला संकोच करू नये, घरची माणसेही तेच करतात. चहा आला की सगळे उठतात आणि वाराही बहुधा परत येतो.

जपून

या सणाला दुसरी बाजू आहे आणि तिच्याबद्दल मी मोघम लिहिणार नाही. काच लावलेला मांजा गळा कापतो, आणि दरवर्षी दुचाकीवरची माणसे त्याने जखमी होतात, काहींचे प्राणही जातात. म्हणून या दोन दिवसांत दुचाकी भाड्याने घेऊ नये. जिच्या हँडलवर तारेची कमान लावलेली नाही अशा दुचाकीवर मागेही बसू नये. पायी चालतानासुद्धा गळ्याभोवती जाडसर रुमाल असावा. गच्चीवर पतंगाकडे पाहत मागे सरकू नये, कौलांवर किंवा पत्र्यावर चढू नये, विजेच्या तारेत अडकलेला पतंग काठीने ओढू नये, आणि मुलांवर नजर ठेवण्याचे काम मोठ्यांपैकी एकाने पाळीपाळीने घ्यावे.

पक्ष्यांचे तितकेच. ते सकाळी घरट्यातून निघतात आणि संध्याकाळी परततात, म्हणून सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या सुमारास पतंग खाली उतरवावेत. तुटलेला दोरा झाडावर किंवा गच्चीच्या कोपऱ्यात सोडू नये. सणानंतर कित्येक दिवस पक्षी त्यात अडकत राहतात. जखमी पक्षी दिसला तर त्याच्या पंखातला दोरा ओढून काढू नये, तो कात्रीने दोन्ही बाजूंनी तोडावा, पक्ष्याला कापडात हलकेच गुंडाळून हवेशीर खोक्यात अंधारात ठेवावे, पाणी जबरदस्तीने पाजू नये आणि १९६२ या क्रमांकावर कळवावे. राज्य सरकारचे ‘करुणा अभियान’ या काळात पक्ष्यांसाठी उपचारकेंद्रे चालवते. ज्या पोळींनी पक्ष्यांसाठी चबुतरे बांधले, तिथल्या सणात एवढी काळजी घेणे पाहुण्यालाही अवघड नाही.

संध्याकाळ आणि दुसरा दिवस

सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो. अंधार पडू लागला की काही जण पांढऱ्या पतंगाच्या दोरीला कागदी कंदील, म्हणजे तुक्कल, एकामागून एक बांधून वर सोडतात. पूर्वी त्यात मेणबत्ती असे, आता अनेक जण लहान विजेचे दिवे लावतात. दोरी स्थिर धरणारा हात इथे लागतो, आणि हे काम घरातली मुरलेली माणसेच करतात. सुटा आणि मोकळा उडत जाणारा चिनी कंदील मात्र सोडू नये. जुन्या लाकडी घरांच्या शहरात त्याने आग लागते आणि पोलीस त्यावर बंदी घालतात. नंतर फटाके आणि मोठ्या आवाजातले संगीत सुरू होते. ज्यांना ते सोसत नाही त्यांनी साडेसातलाच यजमानांचा निरोप घ्यावा, कोणी वाईट वाटून घेत नाही.

१५ तारखेला वासी उत्तरायण असल्यामुळे गच्च्या पुन्हा भरतात, पण गडबड कमी असते. सकाळी हठीसिंग मंदिर, दुपारी सीदी सैयदची जाळी आणि त्यानंतर आस्टोडियाला १५१४ ची राणी सिप्रीची छोटी मशीद, एवढे पुरे. नदीकाठी भरणारा आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव १९८९ पासून होत आला आहे. देशोदेशींचे प्रचंड आकाराचे पतंग पाहायचे असतील तर तिकडे जावे, मात्र तिथे पेच नसतात आणि पोळीतली जवळीकही नसते, त्यामुळे वेळ कमी असेल तर तो वगळला तरी चालेल. परतीची गाडी काळुपुरहून रात्री असेल, तर सामान घेऊन निदान तासभर आधी निघावे, कारण संध्याकाळी जुन्या शहरातले रस्ते पुन्हा भरलेले असतात आणि रिक्षा सहज मिळत नाही.